तेजलचं जड पाणी

तेजल गिरासेचा दिवस तीस तासांचा होता. वीस तास ती जागी असायची आणि दहा तास झोपायची. एखाद्या दिवशी ती सकाळी सातला उठली, तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उठे, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, त्यानंतर मध्यरात्र उलटल्यावर एकला, आणि पाच दिवस संपले की पुन्हा सकाळी सातला. तिच्या आईच्या, सुलभाच्या, शिरपूरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर वर्षभराचं एक पत्रक लावलेलं होतं. तेजल कोणत्या तारखेला किती ते किती जागी असेल, ते त्यात छापलेलं असे. तेजल जिथे राहायची त्या उपचार केंद्रातले लोक त्याला जागपत्रक म्हणत. आपल्या रजेचे दिवस आणि लेकीच्या जागेपणाचे तास जुळले, की सुलभा त्या चौकटीवर लाल पेनाने खूण करायची. काही महिन्यांत अशा खुणा तीनच असत.

तेजलला अठरा वर्षं पूर्ण होण्याचा दिवस पत्रकात बरा निघाला. ती सकाळी सातला उठणार होती. सुलभा आणि तेजलची जुळी बहीण हेतल पहिल्या गाडीने निघाल्या आणि दहाच्या सुमाराला सातपुड्यातल्या आंबापाणीच्या पठारावर उतरल्या. हेतलच्या पिशवीत केक होता. सुलभाच्या पिशवीत सरकारी पत्र होतं. ते तिने इतक्या वेळा वाचलं होतं की घड्यांवर कागद विरला होता.

पत्र सरळ होतं. जड पाणी ही सरकारी नियंत्रणातली वस्तू आहे. रुग्ण अज्ञान असेपर्यंत पालकाची संमती चालते. अठरा पूर्ण झाल्यावर रुग्णाने स्वतः, समजून-उमजून, अधिकाऱ्यासमोर सही करायची. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सही झाली नाही, तर दुसऱ्या दिवसापासून पुरवठा कमी करत आणून बंद करण्यात येईल.

पुरवठा बंद होणं म्हणजे काय, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं. सुलभाला ते ठाऊक होतं. दोन वर्षं, फार तर अडीच.

बारा वर्षांपूर्वी, जुळ्या मुली सहा वर्षांच्या असताना, तेजल चालता चालता पडू लागली. मग तिच्या हातातून पेन्सिल सुटू लागली. नवरा आधीच वारलेला. सुलभा वीज कंपनीत वायरमन होती, खांबावर चढणारी तालुक्यातली पहिली बाई. ती पोरीला खांद्यावर घेऊन चार दवाखाने फिरली आणि शेवटी आंबापाणीच्या केंद्रात डॉ. रुबिना काझींच्या समोर येऊन बसली.

"तेल फार दिवस उघडं राहिलं की खवट होतं, बरोबर?" डॉ. काझींनी विचारलं होतं. "आपल्या नसांवर चरबीचं आवरण असतं. तेजलच्या शरीरात ते आवरण खवट होत चाललंय. त्या चरबीतून हायड्रोजनचे अणू ओरबाडले जातात आणि तिथून नस उघडी पडते. तुमच्या तारेवरचं रबर झिजल्यासारखं."

"मग ते थांबवायचं कसं?"

"थांबवता येत नाही. त्या ओरबाडण्याला उशीर लावता येतो. त्यासाठी तुम्हाला अणूच्या आत न्यावं लागेल."

"इलेक्ट्रॉन मला माहीत आहेत, मॅडम. पोटासाठी त्यांच्याच मागे खांबावर चढते मी."

डॉ. काझी हसल्या. "मग अर्धं काम झालं. इलेक्ट्रॉन हे अणूचं बाहेरचं अंगण. अणू एकमेकांना धरतात ते इलेक्ट्रॉनांच्या हातांनी. तुमच्या सबस्टेशनच्या आवाराएवढा अणू धरलात, तर मधोमध मोहरीच्या दाण्याएवढं अणुकेंद्र असतं. बाकी सगळं आवार मोकळं. पण अणूचं जवळपास सगळं वजन त्या मोहरीत असतं. तिच्यात दोन प्रकारचे कण, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन किती, यावर अणूचं नाव ठरतं. एक असला तर हायड्रोजन, सहा असले तर कार्बन, आठ असले तर ऑक्सिजन. न्यूट्रॉन नावात ढवळाढवळ करत नाही. तो फक्त वजन वाढवतो."

"म्हणजे नाव तेच, वजन वेगळं, असे अणू असतात?"

"असतात. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ते एकाच चौकटीत बसतात, एकाच स्थानावर. म्हणून त्यांना समस्थानिक म्हणतात."

"जुळ्या," सुलभा म्हणाली. तिच्या एका मांडीवर तेजल होती आणि दुसऱ्या बाजूला हेतल डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती.

"जुळ्याच. फक्त एकीच्या ओच्यात धोंडा बांधलेला. कार्बनला एक न्यूट्रॉन जास्त झाला तर फारसं जाणवत नाही. बाराचे तेरा. पण साध्या हायड्रोजनच्या केंद्रात एकटा प्रोटॉन असतो. त्याच्या शेजारी एक न्यूट्रॉन आला की वजन थेट दुप्पट. असा हायड्रोजन ज्या पाण्यात असतो ते जड पाणी. दिसायला पाण्यासारखंच. शरीरही ते पाणी म्हणूनच वापरतं. पण जड हायड्रोजनची पकड सुटायला जास्त जोर लागतो. तो सहजासहजी ओरबाडला जात नाही."

"आणि तो तेजलच्या चरबीत जाऊन बसेल?"

"रोज प्यायली, तर हळूहळू बसेल. जड पाणी फार झालं तर शरीराला ते विषासारखं असतं. पण त्याचा त्रास झेपावा असं औषध आमच्याकडे आता आहे."

सुलभाने तेजलला मांडीवर सावरून घेतलं. मग तिने जो प्रश्न विचारला, तो डॉ. काझींना पुढे अनेक वर्षं आठवत राहिला.

"मॅडम, हायड्रोजन तर अंगात सगळीकडेच असणार. मग नुसतं खवट होणंच मंदावेल? बाकीचं मंदावणार नाही?"

"ते आम्हाला नक्की माहीत नाही," डॉ. काझी म्हणाल्या होत्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. सुलभाने सही केली.

बाकीचंही मंदावलं. तेजलचं पडणं थांबलं, आणि त्याबरोबर दुधाचे दात पडणंही लांबलं. वर्षाकाठी जेमतेम दोन सेंटिमीटर उंची. पाढे पाठ व्हायला महिने लागले; विसरायलाही तेवढेच लागत. तीन वर्षांत तेजल एका वर्षाएवढी वाढत होती. शरीराच्या घड्याळाने इतकं मागे पडायला नकार दिला आणि ते तीस तासांवर अडलं. आज हेतल अठरा वर्षांची होती, बारावी होऊन नाशिकला नर्सिंगला निघालेली. तेजलही कागदावर अठराची होती. शरीराने, मनाने ती दहा वर्षांची होती.

केंद्रात अशी अकरा मुलं होती. प्रत्येकाचा दिवस वेगळ्या लांबीचा. त्यामुळे एक मूल जेवायला बसे तेव्हा दुसरं गाढ झोपलेलं असे. अकरा जण एकाच वेळी जागे, असं वर्षातून एखादाच तास घडे.

"केक कुठला आणलास?" तेजलने दारातच हेतलच्या कमरेला मिठी मारली. तिचं डोकं हेतलच्या छातीपर्यंत येत होतं.

"अननसाचा. तुझ्या आवडीचा."

"तुझ्यापण ना?"

"माझ्यापण," हेतल म्हणाली. तिला अननस आवडेनासा होऊन बरीच वर्षं झाली होती.

देशमाने नावाचे अधिकारी दोन वाजता आले. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी तेजलला समोर बसवलं आणि ती काय पिते, का पिते, ते विचारलं. तेजलने सगळं नीट सांगितलं. प्रोटॉन एक, न्यूट्रॉन एक, नाव तेच, वजन दुप्पट.

"छान. आणि सही केलीस तर पुढे काय होईल?"

"मी मरणार नाही."

"आणि?"

तेजलने समोरच्या फॉर्मकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि सगळे पुढे जातील."

"म्हणजे?"

"शाळेत माझ्या शेजारी बसायची ती रोशनी मागच्या महिन्यात आली होती. तिचं लग्न ठरलंय. तिने मला चॉकलेट दिलं आणि गालाला हात लावला. आधी आम्ही भांडायचो." तिने फॉर्म बोटाने दूर सरकवला. "मला सही नाही करायची."

सुलभा उठून उभी राहिली. देशमान्यांनी हातानेच तिला थांबवलं. "ताई, तिच्यावर दबाव आणता येणार नाही. आणलात तर सही रद्द होते." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी बाहेर बसतो. पाचला दहा मिनिटं कमी असताना परत येतो."

ते गेल्यावर खोलीत डॉ. काझी धरून चौघीच उरल्या. सुलभाने समजावलं, मग रागावली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेजल टेबलाच्या कडेला नख घासत राहिली. साडेतीन वाजले. चार वाजले.

अखेर हेतल खाली, फरशीवर बहिणीच्या पायाशी बसली. "तुला काय हवंय, सांग. एकदा सांग तरी."

"तूपण पी," तेजल म्हणाली.

"काय?"

"माझं पाणी. तूपण रोज पी. मग तू थांबशील. मी येईपर्यंत नाही, पण फार पुढे नाही जाणार. आठच वर्षांचं अंतर राहील. मग मी सही करते."

हेतलने डॉ. काझींकडे पाहिलं. "असं करता येतं?"

"कायद्यात सोय आहे," डॉ. काझी नाइलाजाने म्हणाल्या. "सज्ञान भावंडाला स्वेच्छेने अर्ज करता येतो. पण हेतल, ऐक. नाशिकचा विचार सोडावा लागेल. तुझा दिवसही हळूहळू तीस तासांचा होईल. आणि तुला कधी मूल होणार नाही. पोटातल्या गर्भाला पेशी भराभर वाढवाव्या लागतात, एकीच्या दोन, दोनच्या चार. जड शरीरात ही वाटणी धडपणे होत नाही. आजवर एकाही जड बाईच्या पोटात गर्भ टिकलेला नाही."

हेतलचा चेहरा पांढरा पडला होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते. "मी अर्ज करते," ती म्हणाली.

"अर्ज नको," तेजल म्हणाली. "आत्ता पी. माझ्यासमोर."

डॉ. काझींनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. शेजारच्या खोलीत दोन टाक्या होत्या. निळ्या टाकीला कुलूप होतं, तिच्यात जड पाणी. स्टीलच्या टाकीत साधं, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी.

"मी आणते," सुलभा म्हणाली आणि किल्ली उचलून आत गेली.

ती निळ्या टाकीसमोर उभी राहिली. तिने किल्ली कुलपापाशी नेली. पलीकडून हेतलचा आवाज येत होता. ती तेजलला गुदगुल्या करत होती, आणि दोघी हसत होत्या. दोन्ही हसणी सारखीच होती. सुलभाने किल्ली मुठीत आवळली, वळली, आणि स्टीलच्या टाकीचा नळ सोडला.

हेतलने एका दमात ग्लास रिकामा केला. तेजल तिच्या गळ्याकडे बघत होती, प्रत्येक घोट मोजत. देशमाने परत आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर फॉर्म ओढला आणि वळणदार अक्षरात, शिरोरेघ पट्टीने मारून, आपलं नाव लिहिलं. पाचला आठ मिनिटं कमी होती.

डॉ. काझींनी किल्ली परत घेतली. निळ्या टाकीवरचा मापक त्यांना दारातूनच दिसत होता. त्याचा आकडा हललेला नव्हता. त्यांनी सुलभाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

परतीच्या गाडीत घाट संपेपर्यंत हेतल खिडकीबाहेर बघत होती. "नाशिकला कळवायला हवं," ती म्हणाली. "आणि अर्जाचा नमुना डॉक्टर मेलवर पाठवते म्हणाल्यात."

"अर्ज करायचा नाही," सुलभा म्हणाली. "ग्लासात साधं पाणी होतं."

हेतलने झटकन मान वळवली. "तू मला न विचारता? मी ठरवलं होतं, आई! मी माझं ठरवलं होतं."

"तिला तरी कुठे विचारलं होतं, सहा वर्षांची असताना?"

"उद्या तिला कळलं तर?"

"कळेल तेव्हा मला दोष दे." सुलभाने लेकीचा हात धरला. "मला दोघींपैकी एक तरी माझ्या वेळात हवी आहे गं."

हेतलने हात सोडवून घेतला आणि रडत राहिली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या रडण्याची लाज वाटत होती. कारण आई बोलली त्या क्षणी तिला सर्वांत आधी सुटल्यासारखं वाटलं होतं.

पुढची काही वर्षं खोटं निभावलं. एकोणीस-वीस-एकविसाव्या वर्षी चेहरा फारसा बदलत नाही. भेटीला जाताना हेतल दोन वेण्या घालायची, जुने कपडे वापरायची, येताना "झोप येते गं, माझा दिवसही लांबलाय" असं म्हणायची. जड पाण्याचे कॅन घरपोच मिळतात, असं तिने सांगून ठेवलं होतं. चोविसाव्या वर्षी तिने रुग्णालयातल्या एका सहकाऱ्याशी लग्न केलं. मंगळसूत्र ती घाटाच्या पायथ्याशी काढून पर्समध्ये ठेवी. सत्ताविसाव्या वर्षी तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यापर्यंत तिने भेट टाळली. सातव्यात ती सुलभाला म्हणाली, "आता नाही मी लपवणार. मला घेऊन चल."

तेजल तेव्हा तेरा वर्षांची दिसत होती. केंद्रातली जीवशास्त्राची सगळी पुस्तकं तिची वाचून झाली होती. हेतल दारातून आत आली, आणि तेजलची नजर तिच्या पोटावर थांबली. तिला काही विचारावं लागलं नाही. जड बाईच्या पोटात गर्भ टिकत नाही, हे तिला पाठ होतं.

"त्या दिवशी ग्लासात काय होतं?" तिने विचारलं.

"साधं पाणी," सुलभा म्हणाली. "मी भरलं होतं. हेतलला ठाऊक नव्हतं."

"पण नंतर कळलं ना तिला? नऊ वर्षं ठाऊक होतं ना?"

तेजलने समोरचा आपला ग्लास उचलला आणि पाणी फरशीवर ओतलं. मग शांतपणे डॉ. काझींना सांगितलं, "मला साधं पाणी द्या. मी सज्ञान आहे. तुम्ही नाही म्हणू शकत नाही."

डॉ. काझी नाही म्हणू शकत नव्हत्या. त्यांनी एवढंच सांगितलं, की शरीरातलं जडपण एकदम ओसरलं तर काय होईल याचा कुणालाच अनुभव नाही. तेजल म्हणाली, "मग तुम्हाला येईल अनुभव."

सुलभा आणि हेतल घरी परतल्या नाहीत. पाहुण्यांच्या खोलीत त्यांनी चार दिवस काढले. तेजल आपल्या खोलीचं दार उघडत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांना मुंग्या आल्या, तिसऱ्या दिवशी ताप चढला. हेतल दाराबाहेर खुर्ची टाकून बसे; पाय सुजले तरी उठत नसे. सुलभा तिच्यासाठी भाकरी आणून ठेवी आणि ती तशीच परत नेई. एकदा हेतल दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "मी त्या दिवशी खरंच प्यायला तयार होते, तेजू."

चौथ्या दिवशी दुपारी दार उघडलं. तेजलचे ओठ सुकले होते. तिच्या हातात वहीचं पान होतं, त्यावर गणित मांडलेलं.

"डॉक्टर म्हणतात मुलगी आहे की मुलगा ते सांगत नाहीत," ती म्हणाली. "मुलगी आहे असं धर. ती रोजच्या वेगाने वाढणार. मी एक-तृतीयांशाने. आज मी तेरा, ती शून्य." तिने आकड्यावर बोट ठेवलं. "साडेएकोणीस वर्षांनी तीपण साडेएकोणीसची आणि मीपण साडेएकोणीसची. अगदी सारख्या. एक दिवस."

हेतलने मान हलवली. सुलभाने मनातल्या मनात आपलं वय मोजलं. ती तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची असणार होती, असलीच तर.

"तिला लहानपणापासून सांगून ठेव," तेजल म्हणाली. "त्या दिवशी तिने इथे यायचं. खोटं बोलायचं नाही, वेण्याबिण्या घालायच्या नाहीत. आम्ही दोघी दिवसभर बोलू."

"सांगेन," हेतल म्हणाली. "शप्पथ." मग तिच्याने राहवलं नाही. "आणि तेजू, त्यानंतर? दुसऱ्या दिवसापासून तीही पुढे जाईल."

तेजलने डॉ. काझींकडे हात केला. त्यांनी निळ्या टाकीतून भरून आणलेला ग्लास तिला दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, थेंबभरही न सांडता, संपवला.

"जाऊ दे ना," ती तोंड पुसत म्हणाली. "तोवर तिलापण मुलगी होईल."